नाडी बिघडली म्हणजे हृदयच बिघडलं असं नाही

लाल विंचू चावलेला तरणा माणूस महाड-पोलादपूरच्या पट्ट्यातल्या एखाद्या दवाखान्यात येतो, तेव्हा सुरुवातीला त्याची नाडी कधीकधी अगदी मंद लागते. दरदरून घाम, उलट्या, तोंडाला सुटलेली लाळ. काही तासांनी बघावं तर त्याच माणसाची नाडी 140 वर, हातपाय गारठलेले, रक्तदाब चढलेला आणि ईसीजीच्या पट्टीवर मधूनच उपटणारे जादा ठोके. उशीर झाला तर फुफ्फुसात पाणी भरतं. या माणसाला ना कधी छातीत दुखलं होतं, ना त्याच्या झडपांत काही दोष होता. कालपर्यंत तो डोक्यावरून भाताचे भारे वाहत होता.

विषाचा मुख्य मारा नसांच्या टोकांवर होतो. नसेत सोडियम आत येऊ देणारे मार्ग विषामुळे उघडेच राहतात, नस पुन्हा पुन्हा पेटत राहते आणि तिच्याकडचा रसायनांचा साठा भसाभस बाहेर पडतो. आधी ॲसिटिलकोलीनचा जोर दिसतो, म्हणून नाडी मंद. मग ॲड्रेनॅलिन आणि नॉरॲड्रेनॅलिनचा लोंढा येतो. हृदयाच्या लयीवर नसांचा ताबा किती घट्ट असतो, हे इतक्या उघडपणे दाखवणारा दुसरा आजार क्वचितच सापडेल.

मुळात ठोका हृदय स्वतःच तयार करतं. उजव्या अलिंदाच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्याच्या) वरच्या टोकाला सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो, विजेची लहर तिथून निघते. सगळ्या नसा बाजूला काढल्या तर हा नोड तरुण माणसात मिनिटाला 100 च्या आसपास चालतो. हृदयरोपण झालेल्या माणसात नेमकं हेच दिसतं. नवीन हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात आणि बसल्या जागी नाडी 90 ते 110 च्या घरात राहते. म्हणजे आपली 70 ची नाडी ही हृदयाची मूळ चाल नव्हेच. व्हेगस नावाची नस चोवीस तास ती खाली ओढून धरते.

व्हेगस मेंदूच्या देठातून निघून मानेतून खाली उतरते. उजवी व्हेगस प्रामुख्याने सायनस नोडवर, तर डावी प्रामुख्याने एव्ही नोडवर काम करते. एव्ही नोड म्हणजे वरच्या कप्प्यांतून (अलिंदांतून) खालच्या कप्प्यांत (निलयांत) लहर सोडणारी चौकी. दुसरी बाजू नाडी वाढवणाऱ्या सिम्पथेटिक नसांची. त्या पाठीच्या कण्यातून छातीच्या वरच्या भागात बाहेर पडतात, मानेच्या तळाशी असलेल्या स्टेलेट गँग्लियन या गाठीतून जातात आणि थेट निलयांच्या स्नायूंपर्यंत पसरतात.

दोघींच्या कामाच्या वेगात मोठा फरक आहे. व्हेगसचा परिणाम पुढच्याच ठोक्यात दिसतो आणि तितक्याच लवकर ओसरतो. सिम्पथेटिक नसांना जोर धरायला काही सेकंद लागतात आणि उतरायलाही वेळ लागतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना कमी होते. हा सगळा खेळ व्हेगसचा. शाळकरी मुलांत तो इतका स्पष्ट असतो की नाडीवर बोट ठेवल्यावर ठोके अनियमित वाटतात आणि आईवडील घाबरतात. ठोक्यांचा हा चढउतार श्वासाबरोबर होत असेल तर तो निरोगी असल्याचीच खूण आहे.

नसा रसायनातून बोलतात हे सिद्ध केलं ऑटो लोवी यांनी, 1921 साली, बेडकांच्या दोन हृदयांवर. पहिल्या हृदयाची व्हेगस चेतवली, ते मंदावलं. त्याच्याभोवतीचं द्रावण दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं. त्या द्रावणात होतं ॲसिटिलकोलीन. 1936 चं नोबेल लोवींना हेन्री डेल यांच्यासह मिळालं.

वेग वेगळा, स्थैर्य वेगळं

व्हेगस म्हणजे ब्रेक आणि सिम्पथेटिक म्हणजे ॲक्सिलरेटर ही उपमा सगळीकडे वाचायला मिळते. नाडीच्या वेगापुरती ती चालते. लय टिकेल की तुटेल या प्रश्नाला मात्र ती दगा देते, कारण इथे ब्रेक दाबूनही गाडी रस्ता सोडू शकते.

प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशीला थोडी उसंत लागते, तेवढ्या काळात ती नव्या लहरीला दाद देत नाही. ही उसंत लयीचं संरक्षण करते. भरकटलेली लहर उलटी फिरून आली तरी तिला पुढे वाट मिळत नाही. व्हेगस जोरात चेतली की अलिंदांतली ही उसंत आखूड होते, आणि सगळीकडे सारखी होत नाही. काही ठिकाणी पेशी लवकर तयार, शेजारच्या अजून विश्रांतीत. अशा विस्कळीत जमिनीवर लहर गोल गोल फिरू लागते आणि ॲट्रियल फिब्रिलेशन सुरू होऊ शकतं, म्हणजे अलिंदांची नुसती थरथर. म्हणूनच काही जणांना हा त्रास धावपळीत होत नाही. तो भरपेट जेवून आडवं झाल्यावर किंवा मध्यरात्री झोपेत होतो.

निलयांत चित्र बहुतांशी उलटं. तिथे व्हेगस साधारणपणे बाजू सांभाळते आणि धोका सिम्पथेटिकचा. नॉरॲड्रेनॅलिनमुळे पेशीत कॅल्शियम जास्त शिरतं. साठवण भरून वाहू लागली की ठोका संपल्यावरही थोडं कॅल्शियम गळतं आणि त्यातून आगंतुक ठोका उमटतो. शिवाय ॲड्रेनॅलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींमध्ये ढकलतं. रक्तातली पातळी खाली येते आणि पेशी आणखी चिडखोर होतात. जुलाब झालेले असतील किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर पोटॅशियम आधीच कमी असतं, हे विसरू नये.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या हृदयात आणखी एक गुंता होतो. मेलेल्या भागातल्या नसाही मरतात, मग कडेने नवीन फुटवे येतात, ते वेडेवाकडे, कुठे दाट तर कुठे विरळ. राग, भीती, अचानक श्रम अशा वेळी नॉरॲड्रेनॅलिन एका पट्टीत धो धो आणि शेजारच्या पट्टीत थेंबभर. या असमानतेतून निलयांची घातक लय सुरू होते. ज्यांच्या छातीत शॉक देणारं यंत्र बसवलेलं असतं, त्यांच्यात 24 तासांत तीन किंवा जास्त वेळा असं झालं तर डॉक्टर त्याला इलेक्ट्रिकल स्टॉर्म म्हणतात. शॉक दुखतो, दुखण्याने आणि भीतीने सिम्पथेटिक आणखी खवळते, पुन्हा लय तुटते, पुन्हा शॉक. हे चक्र तोडायला रुग्णाला गुंगी देतात, प्रोप्रॅनोलोलसारखा बीटा ब्लॉकर (ॲड्रेनॅलिनचा हृदयावरचा जोर अडवणारं औषध) देतात, आणि तरीही जमलं नाही तर मानेतल्या त्या स्टेलेट गाठीला बधीर करणारं इंजेक्शन देतात. औषध मानेत, परिणाम हृदयावर.

एकाच औषधाचे दोन चेहरे

विंचवाकडे परत येऊ, कारण उपचाराची खरी परीक्षा इथेच होते. नाडी मंद, लाळ, घाम. पुस्तकी डोक्याला पहिलं सुचतं ते ॲट्रोपिन, ॲसिटिलकोलीनची वाट अडवणारं. विंचवाच्या विषात ते देणं घातक ठरू शकतं. मंदपणा थोड्या वेळाचा पाहुणा असतो. त्याच्या मागे ॲड्रेनॅलिनचा लोंढा येतच असतो, आणि ॲट्रोपिन दिल्यावर त्याला आवर घालायला व्हेगसही उरत नाही. बरं, मग ॲड्रेनॅलिन अडवायला बीटा ब्लॉकर द्यावा? तेही अंगाशी येतं. थकलेल्या हृदयाचा उरलासुरला जोर जातो आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या आवळलेल्याच राहतात.

महाडला आयुष्यभर काम केलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या रुग्णांची लक्षणं टिपून 1982 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि पुढे प्राझोसिन या स्वस्त गोळीचा वापर रूढ केला. ही गोळी रक्तवाहिन्या आवळणारे अल्फा ग्राहक (ग्राहक म्हणजे ॲड्रेनॅलिन झेलणाऱ्या पेशीवरच्या जागा) बंद करते. वाहिन्या सैलावतात, हृदयापुढचा अडथळा कमी होतो. गंभीर रुग्णांतला मृत्यूदर पूर्वी 30 टक्क्यांच्या आसपास असायचा, तो प्राझोसिननंतर 4 टक्क्यांच्याही खाली आला. त्यांच्याच 2011 मधल्या अभ्यासात प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिलस दिल्यावर रुग्ण साधारण 8 तासांत सावरले. नुसत्या प्राझोसिनवर 18 तासांच्या आसपास लागले. मात्रा वजनावर, किलोमागे 30 मायक्रोग्रॅम, दर 3 तासांनी, हातपाय कोमट होईपर्यंत. पहिल्या गोळीनंतर रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवायचं. लघवीला जायलाही उठवायचं नाही. हे सगळं दवाखान्यात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

घरच्यांना कळायला हवं ते एवढंच. नुसताच भयंकर ठणका असेल आणि हातपाय गरम असतील तर बहुधा निभावतं, तरी दाखवावं. ठणका फारसा नाही पण घाम, उलटी, गार पडणारे तळवे असतील तर एक मिनिट दवडू नये, 108 ला फोन करावा. लहान मुलांत तर एक क्षणही दवडू नये. मंत्र, विड्याचं पान, ब्लेडने चिरणं, घट्ट आवळपट्टी यांतलं काहीच रक्तातलं नॉरॲड्रेनॅलिन कमी करत नाही. आणि जांभ्याच्या चिऱ्यांचा ढीग, पेंढा, सरपण उचलताना हात आधी घालू नये, काठी आधी घालावी.

आता आंबा-काजूच्या बागेत या. मोहोरावर तुडतुड्यांसाठी मारतात त्या औषधांपैकी काही, उदाहरणार्थ क्विनॉलफॉस आणि डायमेथोएट, ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली आहेत. ॲसिटिलकोलीन मोडून टाकणारं एन्झाइम ही औषधं बंद पाडतात. मग ते साचत जातं. बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, छातीत घरघर, जुलाब, स्नायूंची फडफड, नाडी मंद. वरवर पाहिलं तर विंचवाच्या पहिल्या तासाशी बरंच साम्य. पण इथे ॲट्रोपिनच जीव वाचवतं. मोठ्या माणसाला सुरुवातीला 1.8 ते 3 मिलिग्रॅम शिरेतून, दर 5 मिनिटांनी दुप्पट, छातीतली घरघर जाईपर्यंत आणि नाडी 80 च्या वर येईपर्यंत. फरक इतकाच की इथे ॲसिटिलकोलीन हाच मूळ शत्रू आहे आणि तो आपणहून मागे हटणार नाही.

नाडी सुधारली म्हणून अशा रुग्णाला लगेच घरी नेण्याची घाई करतात, ते चुकीचं. या विषबाधेत ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबतं, म्हणजे ठोक्यानंतर निलयांना पूर्वपदावर यायला जास्त वेळ लागतो, आणि पुढचे काही दिवस घातक लय सुरू होण्याची भीती राहते. फवारणीचं औषध कातडीतूनही शिरतं. गड्याने शर्ट भिजलेला तसाच अंगावर वाळवला, तर दुपारपर्यंत चक्कर यायला लागते. कपडे उतरवून साबणाने अंग धुणं हा पहिला उपचार आहे, आणि तो करणाऱ्याने हातमोजे घालावेत.

पट्टीचा पोहणारा बुडतो तेव्हा

गावात अशी एखादी आठवण असतेच: चांगला पोहणारा मुलगा बावीत किंवा नदीच्या कोंडीत उतरला आणि हातपायही न मारता गेला. गिऱ्हाने ओढला म्हणतात. त्यातल्या काही मुलांच्या घरात जन्मजात लाँग क्यूटीचा दोष असू शकतो. या दोषाच्या पहिल्या प्रकारात श्रम, त्यातही पोहणं, हे ठरलेलं निमित्त. दुसऱ्या प्रकारात झोपेत अचानक वाजलेली घंटा, फोन, फटाका. तिसऱ्यात विश्रांती आणि झोप. जनुक वेगळं, म्हणून नसांचा कोणता धक्का सोसत नाही तेही वेगळं. कॅल्शियमच्या गळतीचा आणखी एक जन्मजात आजार आहे, त्यात बसल्या जागचा ईसीजी अगदी स्वच्छ येतो आणि बिघाड फक्त पळताना किंवा घाबरल्यावर दिसतो. म्हणून पळताना बेशुद्ध पडणाऱ्या मुलाचा साधा ईसीजी ‘नॉर्मल’ आला तरी तिथे थांबू नये, ट्रेडमिलवरची तपासणी मागावी.

घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं असेल, पोहताना किंवा दचकून कुणी बेशुद्ध पडलं असेल, तर सख्ख्या नातेवाइकांचा ईसीजी काढून घ्यावा. दुरुस्त केलेलं (नाडीच्या वेगाचा हिशेब धरून काढलेलं) क्यूटी पुरुषांत 450 आणि स्त्रियांत 460 मिलिसेकंदांच्या वर असेल तर पुढची तपासणी, 500 च्या वर असेल तर धोका मोठा. अशांना नॅडोलोल किंवा प्रोप्रॅनोलोल नियमित देतात. तेवढ्याने भागलं नाही तर डाव्या स्टेलेट गाठीचा खालचा भाग आणि त्याखालची साखळी शस्त्रक्रियेने काढतात. हृदयाला हात न लावता हृदयाची लय सांभाळण्याची ही शस्त्रक्रिया 1971 पासून माहीत आहे.

छातीत एकदम 180 ची धडधड

सुप्राव्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया या प्रकारात धडधड बटण दाबल्यासारखी अचानक सुरू होते आणि अचानकच थांबते. ठोके वेगवान पण अगदी सारखे असतात. यात लहर बहुतेक वेळा एव्ही नोडमधून गोल फिरत असते, आणि एव्ही नोडवर व्हेगसची हुकमत आहे. क्षणभर व्हेगस जोरात चेतवली की चक्र तुटतं. ज्यांना डॉक्टरांनी निदान सांगितलंय, त्यांनी ही कृती शिकून घ्यावी.

पाठीला उशा लावून अर्धवट बसा. सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज घ्या आणि तिच्या तोंडातून 15 सेकंद असं फुंका की आतला दट्ट्या जेमतेम हलेल. फुंकणं संपताक्षणी पाठीवर सपाट आडवे व्हा आणि दुसऱ्या माणसाने दोन्ही पाय 45 अंशांपर्यंत 15 सेकंद उचलून धरावेत. मग परत अर्धवट बसा आणि मिनिटभर वाट पाहा. 2015 च्या इंग्लंडमधल्या एका चाचणीत नुसतं बसून फुंकणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांची लय परत आली, असं आडवं करून पाय उचललेल्यांपैकी 43 टक्क्यांची. जोर फुंकण्यात नाही, त्यानंतरच्या क्षणात आहे. पाय वर गेले की रक्त हृदयाकडे धावतं, दाब उसळतो, मानेतले दाबमापक चेततात आणि मेंदू व्हेगसला हुकूम सोडतो. लोक चुकतात ते इथेच. पाय उचलायला माणूस तयार नसतो किंवा आडवं व्हायला पाच-सहा सेकंद घालवतात. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला, झडप अरुंद असलेला किंवा काचबिंदू असलेला माणूस यांनी हे करू नये.

गार पाण्यात तोंड बुडवण्याचा उपाय खरा आहे, पण आपल्याकडचं विहिरीचं किंवा माठातलं पाणी त्याला पुरेसं गार नसतं, बर्फ घातलेलंच लागतं. वयस्कर माणसाने हा प्रयोग घरी टाळावा. मानेची शीर दाबणं तर घरी कधीच नको. तिथल्या रक्तवाहिनीत चरबीचा थर असला तर तुकडा सुटून लकवा होऊ शकतो. आणि नाडी वेगवान असण्यापेक्षा काही ठरावच नसल्यासारखी, कुठलाही ठोका कुठेही पडत असेल, तर ते ॲट्रियल फिब्रिलेशन असण्याची शक्यता जास्त. फुंकून ते जात नाही. पूर्ण 60 सेकंद नाडी मोजून ईसीजी काढायला जावं.

व्हेगस ‘जागृत’ करायचे व्हिडिओ, कानाला लावायची यंत्रं यांचं सध्या पेव फुटलंय. कानाच्या भोकासमोरच्या उंचवट्याला सौम्य विजेने चेतवून ॲट्रियल फिब्रिलेशन कमी होतं का, यावर छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि 2020 मधल्या एकीचे निकाल आशादायक होते. पण त्यात विजेचा जोर मुद्दाम कमी, खुपू लागेल त्या पातळीच्या खाली ठेवला होता. जोरात चेतवलेली व्हेगस अलिंदांत काय करते ते वर आलंच आहे. ऑनलाइन मागवलेल्या यंत्रावर विसंबून रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करणाऱ्याला लकव्याचा धोका असतो, आणि तो धोका कानातून कमी होत नाही.

घरातले नेहमीचे धक्के

मशेरीतला निकोटिन सिम्पथेटिक गाठी चेतवतो. सकाळी दात घासताना बोटभर मशेरी लावणाऱ्या बाईच्या छातीत त्याच वेळी धडधडत असेल तर कारण शोधायला मुंबईला जायची गरज नाही. सर्दीच्या काही गोळ्या आणि दम्याचा सालब्युटामॉल पंप याच वाटेने नाडी वाढवतात. पंप सोडायचा नाही, पण वरचेवर लागत असेल तर दम्याचा मूळ उपचार वाढवायला हवा. शिमग्यात किंवा लग्नात रात्रभर दारू आणि जागरण, मग पहाटे ॲट्रियल फिब्रिलेशन, हा क्रम डॉक्टरांच्या चांगला ओळखीचा आहे. झोपेत मोठ्याने घोरून मधेच श्वास अडकणाऱ्यांत तर दोन्ही नसा आळीपाळीने झटके देतात: श्वास अडकला की व्हेगस, गुदमरून जाग आली की सिम्पथेटिक, रात्रीत शेकडो वेळा.

मधुमेह जुना असेल तर नसाच झिजतात, आणि लांबलचक व्हेगस लवकर झिजते. बसल्या जागी नाडी 100 च्या वर, झोपेतही न उतरणारी, ही खूण दुर्लक्षून चालत नाही. अशा माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. उभं राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा रक्तदाब 20 ने उतरत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं.

मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल, प्रोप्रॅनोलोल या गोळ्या चालू असलेल्यांसाठी एक अगदी व्यवहारातली गोष्ट. गोळी चालू असते तेव्हा अडवलेल्या बीटा ग्राहकांची संख्या शरीर हळूहळू वाढवत नेतं. गोळी एकदम बंद झाली की नेहमीचंच ॲड्रेनॅलिन या वाढलेल्या ग्राहकांवर जाऊन पडतं आणि धडधड, छातीत दुखणं, क्वचित हार्ट अटॅकही होतो. चाकरमानी गणपतीला गावी येतात आणि गोळ्या मुंबईच्या कपाटात राहतात. जुलैत घाट बंद पडतो आणि तालुक्याच्या दुकानात नेमकी तीच गोळी संपलेली असते. पावसाळ्याआधी निदान तीन आठवड्यांचा साठा घरात असावा, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये असावा, आणि बंदच करायची झाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने एक-दोन आठवड्यांत मात्रा कमी करत करत.